तुमच्या शेतात नत्र बांधणारे कोणते जिवाणू आहेत? गाठीपासून प्रयोगशाळेपर्यंत तपासण्याची पद्धत

सोयाबीनच्या पेरणीच्या आठवड्यात रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतले नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची, पाकिटे हातोहात खपतात. बियाण्याला चोळली, पेरणी झाली, की विषय तिथेच संपतो. पुढे चाळिसाव्या दिवशी झाड खणून गाठी पाहिल्या तर कोडे पडते. पाकीट लावलेल्या तुकड्यात गाठी मोजक्याच, आणि शेजारच्या काहीही न लावलेल्या तुकड्यात मुळे गाठींनी लगडलेली. पाकीट बनावट होते असा निष्कर्ष लगेच निघतो. कधी तो खरा असतोही, पण बहुतेक वेळा कारण मातीतच असते. तुमच्या मातीत आधीपासून कोण राहते, किती संख्येने राहते आणि ते कामाचे आहे का, हे पाहिल्याशिवाय पाकिटाला श्रेयही देता येत नाही आणि दोषही.

एक साधा हिशोब करून पाहा. एकरी ३० किलो सोयाबीन बियाणे आणि किलोला २५ ग्रॅम संवर्धक (पाकिटातली जिवाणूंची भुकटी), म्हणजे ७५० ग्रॅम. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या पाकिटात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. म्हणजे एकरात आपण सुमारे ३,७५० कोटी जिवाणू सोडतो. आता मातीकडे पाहा. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८ लाख किलो माती असते. वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या त्या मातीत ग्रॅमला अवघे १,००० सोयाबीनचे जिवाणू धरले तरी एकूण ८०,००० कोटी होतात. पाहुणे एक, तर घरचे वीसहून अधिक. पाहुण्याच्या बाजूने एकच गोष्ट असते, ती म्हणजे तो बियाण्याला चिकटलेला, मुळाच्या अगदी तोंडाशी असतो.

हवाई बेटांवरील शेतांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. एका ग्रॅम मातीत त्या पिकाचे पन्नासेक स्थानिक जिवाणू असले, तरी बाहेरून लावलेल्या संवर्धकाचा उत्पादनावरचा परिणाम पुसला जातो, असे त्यांत दिसले होते. म्हणून संख्या आणि प्रकार या दोन्हींची तपासणी करायची. तिच्या तीन पायऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला बांधावर करता येतात. चौथीला कृषी महाविद्यालयाची किंवा माती परीक्षणाबरोबर सूक्ष्मजीव तपासणाऱ्या प्रयोगशाळेची मदत लागते.

कोणत्या पिकाचा सोबती कोण

‘रायझोबियम’ हे दुकानातले नाव आहे. शेतात त्या नावाखाली वेगवेगळी कुळे नांदतात आणि प्रत्येक पीक आपला सोबती निवडून घेते. पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते ते याच कारणासाठी.

सोयाबीनच्या गाठीत ब्रॅडीरायझोबियम असते. हे कूळ सावकाश वाढणारे आहे. जगभर संवर्धकासाठी ब्रॅडीरायझोबियम जपॉनिकम वापरतात, पण भारतातल्या मातीतून सोयाबीनच्या गाठी गोळा करून पाहिल्यावर ब्रॅडीरायझोबियम युआनमिंजेन्स आणि लिआओनिंजेन्स या जाती ठळकपणे सापडल्या. म्हणजे आपली माती आणि आपली पाकिटे यांत एकच जीव असेल असे गृहीत धरू नका.

तूर, मूग, उडीद, चवळी, मटकी आणि भुईमूग यांचा गट मोठा आणि सैल आहे. यांनाही ब्रॅडीरायझोबियमच लागते, पण ते चवळी गटातले. या गटाचे जिवाणू आपल्या बहुतेक जमिनींत भरपूर असतात, कारण ही पिके इथे शतकानुशतके आहेत. शिवाय बांधावरची कितीतरी शेंगवर्गीय तणे त्यांना सांभाळून ठेवतात. भुईमुगात जिवाणू केशमुळातून न शिरता बाजूची मुळे फुटतात त्या फटीतून शिरतो. म्हणून भुईमुगाच्या गाठी मुळांच्या फाट्यांवरच दिसतात.

हरभऱ्याचा सोबती अगदी निराळा: मेसोरायझोबियम. सोयाबीनचे पाकीट उरले म्हणून ते हरभऱ्याला लावणे म्हणजे पाकीट आणि कष्ट दोन्ही वाया घालवणे. वाटाणा, मसूर आणि लाख यांना रायझोबियम लेग्युमिनोसारम लागते. मेथी आणि लसूणघास यांचा सोबती एन्सिफर मेलिलोटी. हिरवळीच्या खतातल्या सेस्बॅनिया रोस्ट्राटाच्या तर खोडावरच गाठी येतात, आणि त्या करणाऱ्या जिवाणूला ॲझोरायझोबियम कॉलिनोडान्स म्हणतात.

गाठी न करणारे वेगळे. ॲझोटोबॅक्टर मातीत मोकळे राहते आणि सामू (आम्ल-विम्लतेचे माप, pH) ६ च्या खाली गेला की दिसेनासे होते, म्हणून काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते जास्त आणि कोकणच्या जांभ्या जमिनीत विरळ. आम्लधर्मी जमिनीत त्याची जागा बायजेरिंकिया घेते. या कुळातली ‘इंडिका’ ही जात १९३९ साली स्टार्की आणि डे यांनी भारतातल्या भातखाचरांच्या मातीतून वर्णिली, तिचे नाव त्यावरूनच आले. ज्वारी, बाजरी, मका यांच्या मुळांभोवती आणि थोडेसे आतही ॲझोस्पिरिलम राहते. ऊस स्वतःच्या पेरांत एक जिवाणू बाळगतो, त्याच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे. भातखाचरात नॉस्टॉक, ॲनाबिना, ऑलोसिरा ही निळी-हिरवी शेवाळे हेच काम करतात.

पायरी पहिली: गाठी मोजा

वेळ महत्त्वाची. सोयाबीन निम्मे फुलावर आले की, म्हणजे पेरणीनंतर साधारण ३५ ते ४५ दिवसांत, गाठींचे काम जोरात असते. शेंगा भरू लागल्या की गाठी थकतात आणि तेव्हा पाहिलेले चित्र फसवे असते. हरभऱ्यातही फुलोऱ्याच्या सुरुवातीला पाहा.

झाड उपटू नका. काळ्या मातीत उपटले तर निम्म्या गाठी जमिनीतच राहतात आणि ‘गाठी नाहीत’ असा खोटा निकाल हाती येतो. खोडापासून १५ सेंटिमीटर अंतर सोडून चौफेर कुदळ मारा आणि २० सेंटिमीटर खोल ढेकूळ अख्खे उचला. ते बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजू द्या, मग चाळणीवर हलक्या धारेने धुवा. तुटून चाळणीत पडलेल्या गाठीही मोजायच्या. शेताच्या पाच जागांवरून दोन-दोन, अशी दहा झाडे पुरतात. बांधालगतची, पाणी साचणारी आणि खताचा ढीग होता तिथली जागा टाळा.

मोजताना गाठ कुठे आहे ते आधी लिहा. सोटमुळाच्या वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये, गळ्यापाशी झुपक्याने आलेल्या गाठी लवकर झालेल्या असतात. बियाण्याला लावलेला जिवाणू यशस्वी झाला तर त्या इथेच दिसतात. खाली बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या गाठी बहुधा मातीतल्या मूळ रहिवाशांच्या असतात. हा कयास आहे, पुरावा नव्हे, पण पाकीट लावलेल्या आणि न लावलेल्या झाडांची तुलना करताना तो फार उपयोगी पडतो.

मग ब्लेडने गाठ मधोमध कापा. आत गुलाबी ते रक्तासारखा लाल रंग असेल तर गाठ काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते, म्हणून हे द्रव्य प्राणवायूला धरून ठेवते आणि जिवाणूला मोजून मापून देते. आत पांढरट-करडी गाठ म्हणजे जिवाणू घरात शिरला, झाडाची साखर खातो, पण नत्र देत नाही. अशा गाठी बहुधा लहान, पुष्कळ आणि मुळभर पसरलेल्या असतात. हिरवी गाठ म्हातारी, तपकिरी मऊ गाठ संपलेली. सोयाबीनची गाठ गोल मण्यासारखी असते आणि आतून एकरंगी दिसते. हरभऱ्याची मात्र पोवळ्यासारखी फाटे फुटलेली असते. टोकाला पांढरी, मध्ये गुलाबी आणि बुडाशी हिरवी दिसली तरी ती निरोगीच आहे, कारण ती टोकाकडून वाढत राहते. हा फरक ठाऊक नसल्याने हरभऱ्याच्या चांगल्या गाठी ‘मेलेल्या’ म्हणून नोंदवल्या जातात.

सूत्रकृमींच्या गाठींशीही गल्लत होते. जिवाणूची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि नखाने टचकन सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही, ओढली तर मूळ तुटते.

गाठी भरपूर आणि लाल, पाने गर्द हिरवी, तर तुमच्या जमिनीतले रहिवासी कामाचे आहेत. गाठी भरपूर पण आतून पांढऱ्या आणि झाड फिके, तर जमीन कुचकामी जिवाणूंनी भरलेली आहे. ही सर्वांत अवघड स्थिती, कारण तिथे चांगल्या पाकिटालाही जागा मिळत नाही. गाठीच नाहीत, तर जिवाणू नाही किंवा त्याला काहीतरी अडवते आहे. अडवणाऱ्यांत पहिला संशय युरियावर घ्या. पेरणीला एकरी एक पोते डीएपी म्हणजे ९ किलो नत्र. एवढ्याने रोपाला सुरुवातीची भूक भागवता येते. त्यावर ४५ किलोची युरियाची गोणी टाकली तर आणखी जवळजवळ २१ किलो पडते आणि झाड गाठी करायचे मनावरच घेत नाही. दुसरा संशय साचलेल्या पाण्यावर.

पायरी दुसरी: कुंडीतले सापळे

शेतात नसलेल्या पिकाचे जिवाणू तुमच्या मातीत आहेत का, आणि साधारण किती आहेत, हे कुंडीत कळते. चार पिके सापळा म्हणून घ्या: सोयाबीन, हरभरा, चवळी आणि मेथी. चार निरनिराळ्या गटांचे हे चार प्रतिनिधी आहेत. हरभरा आणि मेथीची चाचणी हिवाळ्यात करा, उन्हाळ्यात त्यांची रोपेच सुकतात.

वाळू नदीची, जाडसर. ती पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि कुकरमध्ये तासभर वाफवा. अर्धा किलो वाळू मावेल अशा बुडाशी भोक पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा पेले चालतात, पण ते आधी ब्लीचच्या पाण्यातून काढून उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचे. औषध लावलेले, पाकीटबंद बियाणे नको. ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ते ३ मिनिटे ठेवा आणि उकळून गार केलेल्या पाण्याने सहा वेळा धुवा.

रोपांना नत्र सोडून बाकी सगळे अन्न द्यायचे आहे. त्यासाठी जेन्सनचे द्रावण सोपे आहे: लिटरभर पाण्यात डायकॅल्शियम फॉस्फेट १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.२ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.२ ग्रॅम आणि फेरिक क्लोराइड ०.१ ग्रॅम. डायकॅल्शियम फॉस्फेट पूर्ण विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून दर वेळी हलवून घाला. बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकते. ते वापरले तर गाठी दबतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. शुद्ध केलेले किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी घ्या.

आता माती. शेताच्या १० ते १५ ठिकाणांहून, ५ ते १५ सेंटिमीटर खोलीवरून थोडी-थोडी घेऊन एकत्र करा. उन्हात वाळवू नका. माती परीक्षणाला देताना सावलीत वाळवतात, इथे तेही नको. ओलसर मातीच पिशवीत भरा, सावलीत न्या, आणि दोन दिवसांत चाचणी लावता येत नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. हत्यारे दोन शेतांमध्ये धुऊन, ब्लीच किंवा स्पिरिटने पुसून घ्या. एका शेताची माती दुसऱ्यात मिसळली की निकालाला अर्थ उरत नाही.

दहा ग्रॅम माती ९० मि.लि. उकळून गार केलेल्या पाण्यात पाच मिनिटे जोरात हलवा. हे दहापट विरल द्रावण झाले. त्यातले १० मि.लि. पुढच्या ९० मि.लि. पाण्यात टाका, म्हणजे शंभरपट. असे करत दशलक्षपटीपर्यंत जा. प्रत्येक विरलतेसाठी चार कुंड्या ठेवा आणि रोप उगवल्यावर दर रोपाच्या मुळाशी १ मि.लि. द्रावण सोडा. चार कुंड्यांत काहीच सोडू नका. ही तुमची साक्ष आहे. तिच्यात गाठ आली तर वाळू, पाणी किंवा हात यांतून जिवाणू शिरला आहे आणि चाचणी रद्द. पुन्हा करा, मनाचे समाधान करून घेऊ नका.

चार आठवड्यांनी रोपे धुवून पाहा. हजारपट विरलतेत चारही रोपांना गाठी आणि दहा हजारपटीत एकालाही नाही, तर ग्रॅमला साधारण हजाराच्या घरात जिवाणू आहेत. दहापटीतच तुरळक गाठी आल्या तर जमीन त्या गटापुरती ओस आहे, आणि तिथे पाकिटाचा खरा उपयोग होतो. सोयाबीन कधीच न घेतलेल्या शेतात हा निकाल अनेकदा दिसतो.

पायरी तिसरी: शेतातले तीन तुकडे

कुंडी संख्या सांगते, पीक वाढेल का ते सांगत नाही. त्यासाठी शेतातच तीन तुकडे करा. ४५ सेंटिमीटर अंतराच्या सहा ओळी, ५ मीटर लांब, म्हणजे १३.५ चौरस मीटरचा एक तुकडा. पहिल्यात काही लावायचे नाही. दुसऱ्यात संवर्धक लावलेले बियाणे. तिसऱ्यात संवर्धक नाही, पण नत्र भरपूर: हेक्टरी १०० किलोच्या हिशोबाने तुकड्याला २९० ग्रॅम युरिया, अर्धा पेरताना आणि अर्धा फुलोऱ्याच्या सुरुवातीला. स्फुरद आणि पालाश तिन्हींना सारखे. अशी तीन संचांत पुनरावृत्ती करा, नाहीतर जमिनीच्या चढउताराला आपण जिवाणूचे यश समजू. पहिला तुकडा आधी पेरा आणि संवर्धकाचा सगळ्यांत शेवटी, कारण पेरणाऱ्याच्या हातावरून आणि पाभरीच्या चाड्यातून जिवाणू सहज पसरतात.

दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा सरस, तर तुमच्या मातीला संवर्धक हवे आहे. तिन्ही सारखे आणि मुळांवर लाल गाठी, तर स्थानिक जिवाणू पुरेसे आहेत. तिसरा सरस पण दुसरा पहिल्यासारखाच, तर नत्राची उणीव आहे, आणि स्थानिक व पाकिटातले दोघेही ती भरून काढत नाहीत. तिथे आधी कारण शोधा, दुसऱ्या कंपनीचे पाकीट नको. तिन्ही सारखेच खराब असतील तर अडचण नत्राची नाहीच: स्फुरद, गंधक, जस्त किंवा पाण्याचा निचरा पाहा.

पायरी चौथी: प्रयोगशाळेत

जातींची विविधता इथेच उलगडते. गाठ देठासह, थोडे मूळ ठेवून कापा. फुटलेली गाठ घेऊ नका. लगेच पोचवता येत नसेल तर छोट्या बाटलीत तळाला सिलिका जेल, वर कापूस आणि त्यावर गाठ ठेवून झाकण घट्ट लावा. अशा वाळलेल्या गाठीतला जिवाणू काही आठवडे टिकतो, मात्र लावण्याआधी ती तासभर पाण्यात फुगवावी लागते. एका शेतातून पाच-दहा गाठींवर समाधान मानू नका. विविधता पाहायची तर निदान पन्नास-शंभर हव्यात, आणि एका झाडावरून दोन-तीनच.

गाठ ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दहा सेकंद, मग ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन-चार मिनिटे ठेवा, आणि निर्जंतुक पाण्याने सहा धुण्या द्या. जुन्या प्रयोगवह्यांत पाऱ्याचे क्लोराइड सांगितलेले असते. ते विषारी आहे आणि त्याची विल्हेवाट लावणे डोकेदुखीचे, त्याची गरज नाही. शेवटच्या धुणीचे पाणीही एका ताटलीवर पसरा. तिच्यावर काही उगवले तर बाहेरचा मळ गेलेला नाही. मग गाठ चिरडून रस यीस्ट-मॅनिटॉल माध्यमावर (जिवाणू वाढवायच्या अन्नाच्या थरावर) ओढा. लिटरला मॅनिटॉल १० ग्रॅम, यीस्ट अर्क ०.५ ते १ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.१ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम, सामू ६.८ ते ७, आणि ०.२५ टक्के काँगो रेडचे १० मि.लि. तापमान २८ अंश.

काँगो रेड शोषून गडद लाल झालेली वसाहत (जिवाणूंचा ठिपका) बहुधा परकी असते. रायझोबियम पांढरी, पाणचट, चिकट राहते. ताटल्या अंधारात ठेवा, उजेडात रायझोबियमही रंग घेते. दुसऱ्या संचात काँगो रेडऐवजी ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घाला. तीन-चार दिवसांत भराभर वाढून माध्यम पिवळे झाले तर आम्ल सोडणारे, जलद वाढीचे जिवाणू: वाटाणा किंवा मेथी गटातले. आठवड्याने बारीक वसाहती आणि माध्यम निळे, तर ब्रॅडीरायझोबियम. हरभऱ्याचे मेसोरायझोबियम वाढीने या दोन्हींच्या मधले असते. इथली नेहमीची चूक म्हणजे घाई: तिसऱ्या दिवशी दिसलेली टपोरी वसाहत उचलायची आणि सातव्या दिवशी येणाऱ्या खऱ्या मानकऱ्याला मुकायचे. गाठीत बॅसिलस आणि स्यूडोमोनाससारखे इतर रहिवासीही असतात. म्हणून वेगळा केलेला जिवाणू पुन्हा वाळूतल्या रोपाला लावून गाठ येते का हे पाहिल्याशिवाय त्याला रायझोबियम म्हणू नये.

मोकळ्या ॲझोटोबॅक्टरसाठी नत्र नसलेले ॲशबीचे मॅनिटॉल माध्यम ओता आणि त्यावर मातीचे पन्नास बारीक कण सारख्या अंतरावर ठेवा. तीन ते पाच दिवसांत किती कणांभोवती चकचकीत, बुळबुळीत वसाहत आली ते मोजा. पुढे ती तपकिरी-काळी होत गेली तर ॲझोटोबॅक्टर क्रोकोकम. ॲझोस्पिरिलमसाठी ज्वारीची मुळे धुऊन अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे मॅलिक आम्लाच्या, लिटरला पावणेदोन ग्रॅमच अगार आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू असलेल्या अर्धघट्ट माध्यमात सोडा. पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर पांढरी पातळ साय धरते आणि माध्यम हिरव्याचे निळे होते. सायीची ही जागाच सांगते की जिवाणू स्वतःला सोसेल एवढाच प्राणवायू शोधतो आहे. बाटली हलवली की साय मोडते, तेव्हा रोज उचलून पाहू नका.

नत्रविरहित माध्यमावर वाढला म्हणजे नत्र बांधतोच असे नाही. हवेतला अमोनिया आणि अगारमधली अशुद्धी यांवरही काही जिवाणू चार दिवस काढतात. त्याच माध्यमावर तीनदा पुढे नेऊन पाहा. पक्का पुरावा ॲसिटिलीनचे एथिलीन होते का या चाचणीतून मिळतो, आणि नत्र बांधण्याचे जनुक ‘निफ-एच’ शोधूनही. हे जनुक थेट मातीच्या डीएनएत शोधले की ताटलीवर कधीच न वाढणारे रहिवासीही समोर येतात. वेगळे केलेले चांगले वाण २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि उत्तर प्रदेशातल्या मऊ गावचा कृषी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह अशा वाणांसाठीच आहेत.

पाकीट लावायचे ठरले तर

आधी पाकीट वाचा: पीक, वैधता, साठवण. दुकानात ते औषधांच्या कपाटाशेजारी उन्हात असेल तर घेऊ नका. किलोला २५ ग्रॅम भुकटी म्हणजे १२५ कोटी पेशी, आणि किलोभर सोयाबीनमध्ये साधारण आठ हजार दाणे, म्हणजे दाण्याला दीड लाख. पाकीट गाडीच्या डिकीत दिवसभर तापून शंभरातला एकच जिवाणू जिवंत राहिला, तर दाण्याला दीड हजार. पाकीट तेच, वजन तेच. द्रवरूप संवर्धकात मि.लि.ला १० कोटी पेशी हव्यात. किलोला १० मि.लि. लावले तरी दाण्याला सव्वा लाख पडतात.

लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा आणि मगच त्यात संवर्धक कालवा. विहिरीचे पाणी घ्या, क्लोरीनचे नळाचे नको. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून द्रावण जेमतेम ओल येईल एवढेच घ्या आणि गोणपाटावर हलक्या हाताने फिरवा, रगडू नका. क्रम नेहमी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि अखेरीला जिवाणू. बुरशीनाशक आधीच लावून ठेवा, जिवाणू पेरणीच्या दिवशी. एका ड्रममध्ये तिन्ही कालवणे म्हणजे जिवाणूंना आपल्याच हाताने मारणे. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवून त्याच दिवशी पेरा. दाणा आणि डीएपी एकाच तासात चिकटून पडू देऊ नका.

धूळपेरणीत हे सगळे फुकट जाते, कारण कोरड्या तापलेल्या मातीत दाण्यावरचा जिवाणू पावसाची वाट पाहत टिकत नाही. तिथे एकरी दोन किलो संवर्धक ५० किलो ओलसर, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पाऊस पडल्यावर ओळीलगत द्या. जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम कमी उपलब्ध असते, आणि नत्र बांधणाऱ्या विकराच्या गाभ्यात तेच आहे. बियाण्याच्या किलोला १ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट तिथे फरक पाडते. काळ्या विम्ल जमिनीत ते बहुधा लागत नाही.

ॲझोटोबॅक्टरच्या बाबतीत अपेक्षा जमिनीवर ठेवा. प्रमाणित वाणाने एक ग्रॅम साखरेमागे किमान १० मिलिग्रॅम नत्र बांधावे अशी अट आहे. या दराने १० किलो नत्रासाठी १,००० किलो साखरेइतके अन्न मातीत हवे! सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत ते येणार कुठून? या जिवाणूंचा मुळे फुटायला उपयोग होतो, पण पाकीट लावले म्हणून ज्वारीचा युरिया निम्मा तोडू नका.

ऊस

ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायॲझोट्रॉफिकस हा जिवाणू १९८८ साली ब्राझीलमध्ये कॅव्हलकांते आणि डोबेराइनर यांनी उसातून वर्णिला. तो राहतो पेरांच्या आत, साखरेच्या रसात. माध्यमात लिटरला १०० ग्रॅम साखर आणि सामू ५.५ ठेवला की नारिंगी-पिवळी साय धरून तो दिसतो. मातीच्या नमुन्यात त्याला शोधून हाती फारसे लागत नाही, कांडे कापावे लागते. तो बेण्यातूनच पुढच्या पिकात जातो, म्हणून बेणेमळा कसा वाढवला यावर बरेच ठरते. जास्त नत्र ओतलेल्या उसात तो कमी होतो. बेणेप्रक्रियेत आधी बुरशीनाशकाची बुडवणी करा. मग हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात घेऊन त्यात टिपरी ३० मिनिटे ठेवा. नत्र कमी करायचे असेल तर पहिल्या वर्षी चार सऱ्यांतच करा आणि उरलेल्या उसाशी वजन ताडून पाहा.

रहिवासी टिकतात कशाने

यजमान पीक नसतानाही हे जिवाणू मातीत वर्षे काढतात, पण संख्या घटत जाते. सोयाबीनमागून हरभरा घेतल्याने सोयाबीनचे जिवाणू वाढत नाहीत, कारण दोघांचे सोबती वेगळे आहेत. दोन्ही गट जपायचे तर दोन्ही पिके फिरून यायला हवीत. ज्या तुकड्यात चार-पाच वर्षे हरभरा नव्हता, तिथे हरभऱ्याचे पाकीट न चुकता लावा. मे महिन्यात नांगरून उघडी टाकलेली काळी जमीन वरच्या काही सेंटिमीटरमध्ये इतकी तापते की तिथली संख्या कोसळते. पाचट किंवा भुसकट पसरलेल्या पट्ट्यात ती टिकते. दोन्ही पट्ट्यांतली माती जूनच्या पहिल्या आठवड्यात चवळीच्या कुंड्यांत लावून पाहा, फरक महिनाभरात मुळांवर मोजता येतो.